मदत हवी आहे: विश्वास सोडलेल्याची गत कधीच विश्वास न ठेवलेल्यापेक्षा वाईट का?

सर्वांना सलाम. आम्ही जालन्याचे, पणजोबांपासून ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. धाकट्या भावानं यंदा आईला स्पष्ट सांगितलं, माझा आता विश्वास राहिला नाही. भांडण नाही, दुसरा धर्मही घेतला नाही. नाताळात घरी येतो, करंज्या तळू लागतो, प्रार्थना सुरू झाली की उठून अंगणात जातो.

आईनं बायबलमधलं 2 पेत्र 2:21 धरून ठेवलंय: मार्ग कळून मागं फिरण्यापेक्षा तो न कळलेला बरा. त्यात इब्री 6:4-6 वाचलं (विश्वास चाखून ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथं म्हटलंय), तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. शेजारच्या काकू कधीच चर्चची पायरी चढल्या नाहीत. त्यांची तिला धास्ती नाही, पोटच्या लेकराची आहे.

मला हे पटत नाही. येशूचा शिष्य पेत्र यानं येशूला तीनदा नाकारलं, तरी योहान 21 मध्ये येशूनं आपली मेंढरं, म्हणजे अनुयायी, त्याच्याच हवाली केली. इ.स. 250 च्या सुमारास रोमन बादशहा डेसियसच्या काळात छळाला भिऊन ढळलेल्यांना मंडळीनं पश्चात्तापानंतर परत घेतलं, रोमच्या मंडळीतल्या नोव्हेशियन या धर्मगुरूनं कडाडून विरोध केला तरी. पण त्यांना परत यायचं होतं. भाऊ विचार करून गेलाय, त्याला यायचंच नाही. इथं माझं उत्तर अडतं.

सेमिनरीत (पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) शिकलेलं कुणी असेल तर सांगा, हे दोन उतारे नेमके कुणाला उद्देशून आहेत? ज्यांनी स्वतः विश्वास सोडला त्यांनीही लिहा, तुमच्या आईला कशानं धीर आला? भावाला वळवायचे सल्ले मात्र कृपया नकोत.