शाळेची मान्यता निकालावर ठरली, तर ऊसतोडीच्या गावातल्या शाळेचं काय?

प्रश्न : मुख्याध्यापक, धारूर तालुका

संस्थेची छोटी अनुदानित शाळा आहे, पहिली ते सातवी. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मान्यतेच्या नूतनीकरणाची फाइल पुन्हा करतोय. नमुना १, इमारतीचा दाखला, अग्निशमनाचा दाखला, पाणी तपासणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं. हे सगळं हवंच. पण तिसरीतलं लेकरू वाचतंय का, हे त्या फाइलीतला एकही कागद विचारत नाही. हे मला फार लागतं.

अमेरिकेत चार्टर शाळांचं नूतनीकरण कामगिरी बघून होतं म्हणे. तसं इकडं यावं असं मनापासून वाटतं, आणि भीतीही वाटते. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आमचे वर्ग निम्मे रिकामे. लेकरं परततात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. मार्चच्या परीक्षेवर मोजलं तर आम्ही पहिल्याच फेरीत बंद. तिथं अशा शाळांचं काय करतात?

उत्तर : लातूरची, शिक्षण धोरणाची विद्यार्थिनी

सर, चार्टर शाळा म्हणजे फीवाली खासगी शाळा नव्हे. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, चालवणारं मंडळ वेगळं आणि करार ठरावीक वर्षांचा. पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१ चा. पुढं प्रत्येक राज्यानं आपापला केला. टेक्सासनं २०१३ मध्ये फार कडक केलं : शैक्षणिक किंवा आर्थिक मूल्यांकनात शाळा ओळीनं ३ वर्षं नापास झाली की तिची सनद, म्हणजे हा करार, रद्द करावीच लागते.

कॅलिफोर्नियाचा २०१९ चा कायदा, एबी १५०५, मला जास्त समंजस वाटतो. त्यात कामगिरीवरून शाळांचे तीन गट आहेत. वरच्या गटाला ५ ते ७ वर्षांचं नूतनीकरण, मधल्याला ५, खालच्याला नकार. पण खालच्या शाळेनं कारणांवर खरंच काम सुरू केलंय, आणि शाळेतल्या प्रत्येक वर्षामागं मुलांची किमान एका वर्षाची प्रगती पडताळलेल्या आकड्यांतून दिसते, असं सिद्ध केलं तर २ वर्षं मिळू शकतात. पुढच्या शिक्षणातले चांगले निकाल दाखवले तरी चालतं. तुमच्या उपयोगाची आहे ती प्रगतीची अट. मूल कुठून निघालं, हे तिथं धरलंय.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख, परभणी

इतक्या लांब कशाला, गुजरात बघा. त्यांच्या २०१२ च्या आरटीई नियमांत चालू खासगी शाळांच्या मान्यतेसाठी मुलांच्या शिकण्याच्या पातळीला ३० टक्के भार, आणि शाळेच्या स्वतःच्या आधीच्या कामगिरीपेक्षा झालेल्या सुधारणेला ४० टक्के. सुविधांना १५. उरलेले १५ अभ्यासेतर बाबी आणि पालकांच्या मताला. केंद्रीय कायद्याचं परिशिष्ट मात्र शिक्षकसंख्या, इमारत, ग्रंथालय आणि कामाचे दिवस बघतं : पाचवीपर्यंत २००, सहावी ते आठवी २२०. हे दिवस शाळेचे झाले. लेकराच्या वाट्याला किती आले, ते कोणी मोजत नाही.

गुरुजी, टोळी निघायच्या आधल्या आठवड्यात प्रत्येकाचं वाचन आणि हातच्याची वजाबाकी तपासून ठेवा, आल्यावर पुन्हा तपासा. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर गावातच हंगामी वसतिगृहात राहिलेल्यांची नोंद वेगळी. आणि शाळा बंद करणं हा इलाज धरूच नका. तांड्यावरची शाळा गेली की पोरगी लांबच्या शाळेत जात नाही, ती टोळीबरोबर जाते.

उत्तर : वडवणीकडची, सध्या नर्सिंगला

माझे माय-बाप कोयत्यावर जायचे. चौथीत मी त्यांच्यासोबत सांगलीकडं फडात होते, धाकट्या भावाला सांभाळत, आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मी हजर होते. परत आले तेव्हा पाढे विसरलेले, तरी पाचवीत ढकललं. म्हणून सांगते, आमचं स्थलांतर हे शाळेला सूट मिळायचं कारण होऊ देऊ नका. लेकरू कुठल्या कारखान्यावर गेलं, तिथं शाळेत बसलं का, हे त्याच नोंदीत लिहा. आणि खोटी हजेरी लावणाऱ्या शाळेची मान्यता अडलीच पाहिजे.

मुख्याध्यापक, धारूर

ताई, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर यंदा नोंदीत घेतो. हजेरीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. केंद्रप्रमुख साहेब, आमच्याकडं तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिली-दुसरीचं वाचन तपासताना त्यांच्यासाठी काय वेगळं करायचं? तुमच्याकडं जुना तपासणी तक्ता असेल तर इथंच टाका, दिवाळीच्या आत वापरतो.