"मोमो’ज" चालवून घ्यायचं का?

सदाशिवी: "इंग्रजी अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी (’) लावली काय, न लावली काय, कळतं ना!" या कालच्या पोस्टला भराभर लाइक पडले. नाही कळत! भाचीच्या पत्रिकेवर "द कुलकर्णी’ज" छापलंय. कुलकर्ण्यांचं काय? पुढे शब्दच नाही. ते चिन्ह मालकीचं किंवा गाळलेल्या अक्षराचं. अनेकवचनाला नुसता एस पुरतो.

फ्लेक्सवाला: गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मॅटर पाठवतं, "मोमो’ज, पिझ्झा’ज". चिन्ह काढून प्रूफ पाठवलं की म्हणतात, "दिलंय तसंच ठेवा." एकाने तर त्यावरून बोर्डाचे पैसे अडवले. नियम सांभाळू की गाळ्याचं भाडं भरू?

लीड्सकर: इथले भाजीवालेही बटाट्यांना हेच चिन्ह लावतात. जॉन रिचर्ड्स यांनी 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्था काढली आणि 2019 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला म्हणत बंद केली. शिवाय अठराव्या शतकात "ऑपेरा’ज" सर्रास छापत. कसली शुद्धता?

सदाशिवी: तेव्हा छापत, आज नाही. सुट्या छोट्या इंग्रजी अक्षरांच्या अनेकवचनात चिन्ह चालतं, एवढं मान्य. मोमो म्हणजे अक्षर नव्हे.

मीनल_ठाणे: आधी घरचं बघा! सोसायटीच्या ग्रुपवर "मुल खेळतायत" लिहिणारेच इंग्रजीसाठी गळा काढतात. अनुस्वार गेला की अनेकवचनच गेलं.

जुनी_पाटी: अनुस्वार घालवले कुणी? 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी! आजी "घरें" लिहायची, टिंबासकट. शाळेत मी तसंच लिहिलं तर बाईंनी मार्क कापले.

मीनल_ठाणे: "घरें"मधला अनुस्वार उच्चारतच नव्हते, म्हणून काढला. "मुलं"मधला अं ऐकू येतो, तो लिहायलाच हवा. दोन्हींची गल्लत करू नका.

जुनी_पाटी: कोकणात या, नाकातले उच्चार ऐकवतो. नियम करताना आम्हाला कुणी विचारलं होतं?

मीनल_ठाणे: बरं, कोकणापुरतं तुमचं खरं. पण मुलांनी पेपरात काय लिहायचं, ते सांगा ना!

सदाशिवी: अहो, धागा अपॉस्ट्रॉफीचा आहे!

मीनल_ठाणे: मग मराठी कुठे बोलायची? तुमची परवानगी काढून?

सदाशिवी: बोला, पण वेगळा धागा काढा. फ्लेक्सवाले, दोन प्रूफं पाठवत जा, त्यांचं आणि बरोबरचं. निवडू देत.

फ्लेक्सवाला: पाठवीन. दुसऱ्या प्रूफचे पैसे मात्र लावणार.

सदाशिवी: लावा. भाचीच्या पत्रिकेचे मी देतो.