राजीनामा लिहून घेतला, म्हणून कपात लपते का?

बोरिवलीची ताई
गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला अंधेरीतल्या कंपनीने नारळ दिला. नऊ वर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं त्याने. एचआरने केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. सही नाही, तर अनुभवाचं पत्र नाही. त्याने सही केली आणि त्या रात्री न जेवता झोपला.

कामगाराला कपातीत कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणजे नऊ वर्षांचे १३५ दिवस. ग्रॅच्युइटी वेगळी. राजीनाम्यात ग्रॅच्युइटी तेवढी उरते. धंदा बसला तर माणसं जरूर कमी करा, पण कमी केलं असं कागदावर लिहा!

वसईचा कारखानदार
ताई, भावाशी वागले ते चूकच. पण माझंही ऐका. माझ्याकडे २२ माणसं होती. मोठी ऑर्डर हातची गेली, सहा जणांना कमी करावं लागलं. भरपाई दिली, त्यासाठी बायकोची एफडी मोडली. मालकाकडे पैसा नसतो नेमका तेव्हाच कायदा पैसे मागतो. आणि शेवटी आलेला आधी जाणार, हा नियम मला पटत नाही. माझ्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, चालवणारा मुलगा सगळ्यात नवा होता. त्याला काढलं असतं तर उरलेले सगळे कशावर जगले असते?

परळकर
कारण लेखी नोंदवून तो क्रम बदलता येतो, दादा. नियम आहे तो मर्जीने माणूस निवडू नये म्हणून.

बोरिवलीची ताई
दादा, तुम्ही एफडी मोडलीत, तुमच्याशी माझं भांडण नाही. भावाच्या जागी त्याच महिन्यात कंत्राटी पोरं आली. कपात झालेल्याला नव्या भरतीत आधी विचारावं लागतं. राजीनामा दिलेल्याला कोण विचारतो?

वसईचा कारखानदार
हे वाईट आहे. तरी सांगतो, तडजोड करा. दोन महिन्यांचा पगार आज मिळाला तर घ्या. केस लढवाल तर वर्षं जातील, घरचे हप्ते थांबत नाहीत.

परळकर
तडजोड करा, पण आधी कागद जमवा. माझे वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर परत घेतलं नाही. पुढे म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांचा तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, शोधायला आम्ही अख्खी ट्रंक उपसली. पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, हजेरीचे मेसेज सगळं काढून ठेवा. सही दबावाखाली घेतली असा ईमेल आजच कंपनीला पाठवा. मग वांद्र्याला बीकेसीतल्या कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

बोरिवलीची ताई
ईमेल आत्ताच पाठवला. सोमवारी रजा टाकून मी त्याच्याबरोबर जाते.