मुख्याधिकारी (गट ब) ला निवड झालीय, नोकरी खरंच कशी असते?

बिंदुसरा_काठ:
राम राम मंडळी. एमपीएससीतून मुख्याधिकारी गट ब ला निवड झालीय. पेढे वाटून झाले अन् आता घरात वाद सुरू झालाय. पप्पा म्हणायलेत जॉईन हो, मामा म्हणतात उपजिल्हाधिकारी नाहीतर तहसीलदार तरी होईपर्यंत थांब, नगरपालिकेत कशाला जातीस, रोज उठून नाल्यांवरून भांडणं. गुगल केलं तर एकतर सत्काराचे फोटो दिसतात नाहीतर लाच घेताना पकडल्याच्या बातम्या, मधलं काहीच सापडत नाही. पालिकेत काम केलेलं कुणी असेल किंवा एखादा चांगला सीओ (म्हणजे मुख्याधिकारीच) जवळून बघितला असेल तर सांगा ना, चांगला म्हणजे तो नेमकं करतो काय? आणि पुढं करिअर कुठवर जातं?

जुना_करनिरीक्षक:
ताई आधी अभिनंदन. मी सगळी नोकरी पालिकेच्या वसुलीत काढली, आता रिटायर. गावाचं नाव लिहीत नाही, लातूर-धाराशिव पट्ट्यातली क वर्ग पालिका, म्हणजे छोट्या गावाची, समजा. सीओ किती आले अन् किती गेले, निम्म्यांची नावंबी आठवत नाहीत, पण एकाचं नाव गावात अजून टपरीवर निघतं म्हणून त्यांचंच सांगतो.

साहेब आले ते 2015 च्या दुष्काळात. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण आमच्यासारख्या गावाला कुठली रेल्वे, आमचं सगळं टँकर अन् अधिग्रहण केलेल्या बोअरवर. नळाला पाणी कधी बारा दिवसाला कधी पंधराला. आता पाणी कमी पडलं की गावाचा खरा मालक कोण होतो तर वॉल्वमन, कारण चावी त्याच्याकडं, अन् त्याला रात्री फोन येतो नगरसेवकाचा की आमच्या गल्लीत अर्धा तास जास्त सोड. तो बिचारा रोजंदारीवरचा, नाही कसं म्हणणार. साहेबांनी काय केलं तर सगळ्या वॉल्वच्या चाव्या रात्री ऑफिसात जमा, रजिस्टरवर सही करूनच सकाळी न्यायच्या, आणि पाण्याच्या टाकीखाली एक काळा फळा लावला, कोणत्या पेठेची पाळी कधी, किती वाजता, अन् पाळी चुकली तर का चुकली ते खडूनं लिहायचं. एका वजनदार माणसानं रात्री फोन केला तर साहेब शांतपणे म्हणाले, सोडतो की, फक्त सकाळी फळ्यावर लिहावं लागंल की तुमच्या सांगण्यावरून पाळी बदलली. परत फोन नाही आला!

लोकांना पाणी काही जास्त मिळालं नाही हे पण खरं, तेवढंच मिळालं. पण दारात येणारी भांडणं निम्म्यानं कमी झाली आणि पुढच्या मार्चला आमची वसुली सोपी गेली, कारण थकबाकीदारांच्या यादीत त्यांनी आधी मोठी नावं घेतली, दोन टक्के शास्ती (दंड) बघून गडी आपोआप काउंटरला आले. स्वभावानं मात्र लई तापट. चुकीची फाईल आली की टेबलावर आपटायचे, आम्ही घाबरून असायचो. कुटुंब दुसऱ्या शहरात मुलांच्या शाळेपायी, हे एकटे क्वार्टरला, डबा मेसचा. रविवारी सुद्धा कचरा डेपोवर चक्कर. पहिली पोस्टिंग कोकणात, मग विदर्भ, मग आमच्याकडं, शेवटी एका महापालिकेत उपायुक्त होऊन रिटायर झाले. करिअरचं विचारलंस म्हणून सांगतो, साधारण रस्ता हाच, क वर्ग किंवा नगरपंचायत, मग ब वर्ग, अ वर्ग, पुढं महापालिका.

गोदाकाठचा_नाना:
काका एवढं गोड चित्र दाखवू नका पोरीला. असा एखादाच असतो. बाकी सकाळी नगराध्यक्ष, दुपारी ठेकेदार, संध्याकाळी माहिती अधिकारवाले, आणि आमदाराचा पीए तर कधीही. 2005 च्या बदली कायद्यात एका जागी तीन वर्षं लिहिलीत, पण चांगलं काम करणाऱ्याला ती पूर्ण करू देतात का ते विचारा. अन् 2022 पासून 2025 च्या डिसेंबरच्या निवडणुकांपर्यंत बऱ्याच पालिकांत नगरसेवकच नव्हते, सीओच प्रशासक, तेव्हा काही जणांनी कशी संस्थानं चालवली तेबी बघितलंय आम्ही. नळाला पाणी नाही म्हणून बोंबलायचं कुणापुढं तेच कळत नव्हतं, नगरसेवक निदान दारात सापडतो तरी.
तरी माझं मत विचारशील तर जॉईन हो. तहसीलदार होऊन सातबारा अन् प्रोटोकॉलच सांभाळायचाय, इथं निदान केलेलं काम रस्त्यावर दिसतं. कोकणात वेंगुर्ल्याला रामदास कोकरे सीओ असताना कचरा डेपोचं असं काही करून टाकलं की लोक तो बघायला सहलीनं जायला लागले. तेबी छोटीच पालिका होती.

परभणी_टू_ओहायो:
विषय निघालाच आहे तर थोडं इकडचं. मूळ परभणीचा, सध्या ओहायोत डेटनजवळ राहतो. इथं बऱ्याच छोट्या शहरात सिटी मॅनेजर असतो, म्हणजे आपला सीओच समजा पण त्याला सरकार पाठवत नाही, नगरसेवक मंडळ स्वतः जाहिरात देऊन मुलाखत घेऊन नेमतं. पहिला प्रयोग व्हर्जिनियात स्टाँटन नावाच्या गावात 1908 ला झाला, आणि डेटनला 1913 ला मोठा पूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली, त्यानंतर लोकांनी ही पद्धत स्वीकारली अन् 1914 पासून इथं मॅनेजर आहे. बजेट तोच मांडतो, खातेप्रमुख तोच नेमतो. आपल्याकडं सीओला इंजिनिअर अन् लेखापाल पण राज्य संवर्गातून आलेले मिळतात, त्यांची बदली याच्या हातात नाही, याची त्यांच्या हातात नाही, मग टीम कसली होणार! पण इथंही सुख नाही हां, मंडळातलं बहुमत फिरलं की मॅनेजर घरी. फरक एवढाच की जमलं तर माणूस एकाच गावात पंधरा-वीस वर्षं काढतो, मुलं तिथंच शिकतात, आणि आज टाकलेली पाईपलाईन फुटली तर निस्तरायला तोच असतो. आपला सीओ पाईपलाईन टाकून दुसऱ्या जिल्ह्यात.

बिंदुसरा_काठ:
सगळ्यांना थँक्यू, मामांना हा थ्रेडच पाठवते 😄 काका एक विचारू का, सभेनं चुकीचा ठराव केला तर सीओच्या हातात नेमकं काय असतं? अभ्यासात कलम 308 वाचलंय पण प्रत्यक्षात कुणी वापरतं का?

जुना_करनिरीक्षक:
वापरतात की. ठराव बेकायदेशीर वाटला तर आपला अभिप्राय लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायचा, ते 1965 च्या कायद्याच्या कलम 308 खाली तहकूब करू शकतात. पण आमचे साहेब ते शेवटी काढायचे. आधी सभेच्या दोन दिवस अगोदर नगराध्यक्षांना अन् विरोधी गटनेत्याला एकत्र चहाला बोलवून टिपणी वाचून दाखवायचे, यातला हा विषय मी पाठवणार आहे बरं का म्हणून. निम्मे विषय चहातच मागं घेतले जायचे. सगळ्यांना आधी सांगितलेलं असल्यामुळं पाठीत वार केला असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

आणि चार्ज घेताना हारतुरे होऊ दे, पण त्याच दिवशी तीन कागद माग. पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी किती, ठेकेदारांची बिलं कुणाची किती अडकलीत, अन् रोजंदारीवर खरी माणसं किती. हजेरीपटावर विश्वास ठेवू नको, पहाटे पाचला झाडूवाल्यांच्या हजेरीला स्वतः जाऊन डोकी मोज. पहिल्याच आठवड्यात जा, नंतर त्यांना तुझ्या गाडीचा आवाज ओळखू येतो.