सुपर फाल्कन्स: नायजेरियाच्या महिला संघाची आफ्रिकी विजेतेपदं नेमकी किती?

गोलजाळी (प्रश्न)

नायजेरियाच्या महिला फुटबॉल संघावर मराठीत सविस्तर नोंद लिहायला घेतली आहे, पण आकड्यांचा मेळ बसत नाही. जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोला हरवून जिंकलेलं विजेतेपद बहुतेक ठिकाणी ‘दहावं’ म्हणून दिलंय. त्याच्या कितीतरी आधीच्या लेखांत मात्र ‘अकरा वेळा विजेता’ असं छापलेलं आहे. अकरानंतर दहा कसे? स्पर्धेचं वर्षही कुठे २०२४ आहे, कुठे २०२५.

दुसरं म्हणजे विश्वचषकातले विजय-पराभव. दोन ठिकाणची बेरीज दोन तऱ्हेची येते. आणि आफ्रिकेत इतका दबदबा असलेला संघ विश्वचषकात एकदाच उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला, त्याची खरी कारणं काय? ‘अनुभव कमी पडला’ एवढं लिहून भागणार नाही, म्हणून विचारतोय.

---

आकडेमोड

विजेतेपदांचा घोळ १९९१ आणि १९९५ या दोन वर्षांमुळे होतो. तेव्हा एका देशात सगळे संघ जमवून खेळवलेली आफ्रिकी स्पर्धा नव्हतीच. विश्वचषकाची पात्रता फेरी होती, तीही घरी एक आणि परक्या मैदानावर एक अशा दोन-दोन सामन्यांची. १९९१ मध्ये नायजेरियाने शेवटच्या फेरीत कॅमेरूनला २-० आणि ४-० असं हरवलं, १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ४-१ आणि ७-१. या दोन्ही फेऱ्यांना पुढे मागाहून ‘आफ्रिकी अजिंक्यपद’ म्हणण्याची पद्धत पडली. म्हणून काही याद्यांत दोन विजेतेपदं जास्तीची दिसतात.

स्वतंत्र स्पर्धा १९९८ ला सुरू झाली, यजमान नायजेरियाच. तिथपासून मोजा: १९९८, २०००, २००२, २००४, २००६, मग २०१०, २०१४, २०१६, २०१८ आणि जुलै २०२५ चं. हे झाले दहा. २०१८ पर्यंतचे नऊ अधिक १९९१ व १९९५ हे दोन, म्हणजे तुम्हाला दिसलेले अकरा. त्या हिशेबाने आज बारा म्हणायला हवं. माझं मत विचाराल तर दहा लिहा आणि खाली एका ओळीत १९९१ व १९९५ चा खुलासा द्या. पात्रता फेरीला स्पर्धा म्हणणं बरोबर नाही, आणि आफ्रिकी महासंघ व खेळाडू स्वतःही २०२५ चं विजेतेपद दहावंच मानतात.

१९९८ पासून एकूण तेरा स्पर्धा झाल्या. उरलेल्या तिनांपैकी २००८ आणि २०१२ इक्वेटोरियल गिनीने घरच्या मैदानावर जिंकल्या, २०२२ ची दक्षिण आफ्रिकेने. नायजेरिया दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि दहाही वेळा जिंकला. तीन वेळा हुकलं ते अंतिम सामन्याच्या आधीच. ही गोष्ट नोंदीत ठळक यायला हवी, ती बहुतेक लेखांत नसते.

वर्षाबद्दल: स्पर्धेचं अधिकृत नाव २०२४ चं, खेळली गेली जुलै २०२५ मध्ये, मोरोक्कोत. मथळ्यात ‘२०२४ ची स्पर्धा’ आणि मजकुरात ‘अंतिम सामना २६ जुलै २०२५, रबात’ असं लिहिलंत की वाचणारा गोंधळणार नाही. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली, तेव्हा २०१८ नंतर थेट २०२२. आणखी एक खाचखळगा नावाचा आहे. आधी ‘आफ्रिकन विमेन्स चॅम्पियनशिप’ म्हणत, २०१६ च्या स्पर्धेपासून ‘कप ऑफ नेशन्स’ हे नाव आलं. जुन्या आणि नव्या नावाखाली एकच स्पर्धा दोनदा मोजलेली याद्यांत सापडते.

१९९८ चे गोल देणार असाल तर: मोरोक्को ८-०, इजिप्त ६-०, काँगो लोकशाही प्रजासत्ताक ६-०, उपांत्य सामन्यात कॅमेरून ६-०, अंतिम सामन्यात घाना २-०. पाच सामने, २८ गोल, एकही गोल खाल्ला नाही.

---

डावी_बगल

विश्वचषकाचा तक्ता मी सामन्यानिशी मांडतो, बेरीज तुम्हीच पडताळा.

१९९१: जर्मनी ०-४, इटली ०-१, चिनी तैपेई ०-२. १९९५: नॉर्वे ०-८, कॅनडा ३-३, इंग्लंड २-३. १९९९: उत्तर कोरिया २-१, अमेरिका १-७, डेन्मार्क २-०, ब्राझील ३-४. २००३: उत्तर कोरिया ०-३, स्वीडन ०-३, अमेरिका ०-५. २००७: स्वीडन १-१, उत्तर कोरिया ०-२, अमेरिका ०-१. २०११: फ्रान्स ०-१, जर्मनी ०-१, कॅनडा १-०. २०१५: स्वीडन ३-३, ऑस्ट्रेलिया ०-२, अमेरिका ०-१. २०१९: नॉर्वे ०-३, दक्षिण कोरिया २-०, फ्रान्स ०-१, जर्मनी ०-३. २०२३: कॅनडा ०-०, ऑस्ट्रेलिया ३-२, आयर्लंड ०-०, इंग्लंड ०-०.

सामने ३०, विजय ५, बरोबरी ६, पराभव १९. गोल केले २३, खाल्ले ६५. फरक पडतो तो शेवटच्या सामन्यामुळे. इंग्लंडकडून नायजेरिया पेनल्टी शूटआउटमध्ये २-४ असा हरला, पण नोंदीच्या नियमाप्रमाणे शूटआउटचा सामना बरोबरीत धरतात. तो पराभव मोजला की ५-५-२० येतं. म्हणजेच २०२३ मध्ये खेळाच्या वेळात हा संघ एकदाही हरला नाही आणि चार सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले. पहिल्याच सामन्यात गोलरक्षक न्नाडोझीने कॅनडाच्या सिंक्लेअरची पेनल्टी अडवली होती. इंग्लंडविरुद्ध लॉरेन जेम्सला लाल कार्ड मिळाल्यावर एक खेळाडू जास्त असूनही गोल झाला नाही, ही मात्र खरी हुकलेली संधी.

१९९९ चा ब्राझीलचा सामना लिहिताना ‘३-४’ एवढंच लिहू नका. मध्यंतराला ब्राझील ३-० पुढे होता. मग एमेआफू, ओकोसिएमे आणि एगबे यांनी ६३ ते ८५ मिनिटांच्या दरम्यान तीन गोल फेडले. लगेच नायजेरियाच्या पेशन्स आव्रेला लाल कार्डामुळे मैदान सोडावं लागलं, आणि जादा वेळेत नायजेरिया दहा जणींनी खेळत असताना १०४ व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिसीने फ्रीकिकवर गोल केला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता: जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपे. आजच्या नियमाने सोळा मिनिटं शिल्लक राहिली असती. कंसात ‘जादा वेळ, गोल्डन गोल’ लिहा. आफ्रिकेतला कोणताही महिला संघ याआधी विश्वचषकाच्या बाद फेरीत पोचलेला नव्हता. प्रशिक्षक होते इस्माइला माबो.

१९९१ चे सामने ८० मिनिटांचेच होते. त्या वर्षीच्या गोलांची मिनिटं दिलीत तर तळटीप हवी.

आता कारणं. गटवारी पाहा. अमेरिका, स्वीडन, उत्तर कोरिया आणि नायजेरिया हा गट २००३ मध्ये होता आणि २००७ मध्ये पुन्हा तसाच्या तसा आला. चार संघांतून दोनच पुढे जाणार, त्यात हे तीन संघ समोर. २०१५ मध्ये परत अमेरिका आणि स्वीडन. मानांकन खालचं, म्हणून सोडतीत गट अवघड, म्हणून निकाल वाईट, म्हणून मानांकन पुन्हा खालीच. हे चक्र मोडायला वरच्या संघांशी मधल्या काळात मैत्रीपूर्ण सामने लागतात, आणि नेमके तेच या संघाला पुरेसे मिळाले नाहीत. आफ्रिकेत ६-०, ८-० जिंकणाऱ्या बचावफळीला खरा दाब पहिल्यांदा अनुभवायला मिळायचा तो थेट विश्वचषकात.

---

ऑफसाइड_नाही

डावी_बगल यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. डिसेंबर २०१६ मध्ये याउंडेत कॅमेरूनला १-० हरवून विजेतेपद घेतलं, गोल ओपारानोझीचा. त्यानंतर २०१७ हे अख्खं वर्ष संघ एकही सामना खेळला नाही. खंडाचा विजेता संघ बारा महिने मैदानाबाहेर! एप्रिल २०१८ मध्ये फ्रान्सशी सामना झाला, निकाल ०-८. खेळाडूंच्या दर्जात एका वर्षात एवढी घसरण होत नसते. हा सरावाचा खड्डा होता.

पैशांचा विषय नोंदीत वेगळा विभाग करून लिहा, ‘वाद’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकू नका. २००४ ला दक्षिण आफ्रिकेत जिंकल्यावर बोनस मिळेपर्यंत खेळाडूंनी हॉटेल सोडलं नाही. २०१६ ला अबुजात तेच, आणि त्या वेळी त्यांनी संसदेवर मोर्चाही नेला. २०१९ ला फ्रान्समधून निघण्याआधी थकबाकीसाठी पुन्हा ठिय्या. २०२२ ला मोरोक्कोत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी सरावावर बहिष्कार, आणि झांबियाकडून ०-१ पराभव. अठरा वर्षांत चार वेळा एकच मागणी: ठरलेली रक्कम द्या.

२०२३ ला एक बदल झाला. विश्वचषकाच्या बक्षिसातली खेळाडूंची रक्कम फिफाने आधीच जाहीर केली: गटफेरीत बाद झाल्यास प्रत्येकी ३०,००० डॉलर, सोळांत पोचल्यास ६०,०००. नायजेरिया सोळांत पोचला. आकडा जगजाहीर असल्यामुळे खेळाडूंच्या हातात ठोस काहीतरी आलं, जरी पैसे राष्ट्रीय संघटनांमार्फतच जायचे होते. २०२५ च्या विजयानंतर राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलरच्या बरोबरीची रक्कम जाहीर केली. पण ते बक्षीस. सामन्याचा ठरलेला बोनस वेळेवर मिळणं हा हक्क आहे आणि झगडा त्याचाच होता. लिहिताना ही दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका.

---

गोलजाळी

फार उपयोग झाला, तिघांचेही आभार. एक राहिलं: ऑलिंपिकमध्ये २००८ नंतर थेट २०२४? मधल्या काळात २०१०, २०१४, २०१६, २०१८ अशी चार विजेतेपदं असताना?

---

आकडेमोड

कारण आफ्रिकी विजेतेपदाने ऑलिंपिकचं तिकीट मिळत नाही. पात्रता फेरी वेगळी, आणि ती दोन-दोन सामन्यांची बाद पद्धतीची. गटसामन्यांत एक दिवस वाईट गेला तरी सावरता येतं, इथे नाही. २०१२ साठी कॅमेरूनने बाहेर काढलं, तेही शूटआउटमध्ये; २०१६ साठी इक्वेटोरियल गिनीने, जादा वेळेत. २०२० साठी आयव्हरी कोस्टशी ०-० आणि १-१ झालं, दुसरा सामना नायजेरियाच्या घरी असल्यामुळे परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने (एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे) नायजेरिया बाद. एकही सामना न हरता बाहेर. २०२४ साठी शेवटच्या फेरीत दक्षिण आफ्रिकेवर १-० आणि ०-०, तो एकमेव गोल अजिबादेच्या पेनल्टीवरचा.

प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये २००० ला तिन्ही सामने १-३ असे गेले, प्रतिस्पर्धी नॉर्वे, चीन आणि अमेरिका. सर्वांत चांगली कामगिरी २००४ ची: जपानवर १-० विजय आणि उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून १-२. २००८ आणि २०२४ ला सगळे सामने हरले.

विश्वचषकाचं उलट आहे. तिथे आफ्रिकी स्पर्धाच पात्रता फेरी असते, पण एकाआड एक: २०१४, २०१८, २०२२ हो, २०१६, २०२४ नाही. म्हणून २०२२ ला चौथा क्रमांक येऊनही २०२३ चं तिकीट मिळालं, कारण तेव्हा आफ्रिकेला थेट चार जागा होत्या. १९९१ आणि १९९५ ला एकच जागा होती. नऊच्या नऊ विश्वचषक खेळलेला आफ्रिकेतला हा एकमेव संघ, आणि त्यातले सहा ओनोमे एबीने खेळले.

---

फातोर्डा_उत्तर_स्टँड

महाराष्ट्र-गोव्याचा धागा हवा असेल तर तो वरिष्ठ संघाचा नाही, १७ वर्षांखालील मुलींचा, ‘फ्लेमिंगोज’चा आहे. (वरिष्ठ फाल्कन्स, २० खालच्या फाल्कोनेट्स.) २०२२ चा त्या वयोगटाचा विश्वचषक भारतात झाला. नायजेरियाचा पहिला सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर जर्मनीशी, १-२ पराभव. मग न्यूझीलंडवर ४-०, चिलीवर २-१. उपांत्यपूर्व फेरीत नवी मुंबईत अमेरिकेशी १-१, शूटआउटमध्ये ४-३ विजय. उपांत्य सामना पुन्हा फातोर्ड्याला, कोलंबियाशी ०-०, शूटआउट ५-६.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, समोर परत जर्मनी. नायजेरिया ३-० पुढे, मग ३-३, शेवटी शूटआउट ३-२. या वयोगटात नायजेरियाचं हे पहिलं पदक. सलग तीन बाद सामने शूटआउटवर गेले, तेव्हा तक्त्यात तिन्ही बरोबरी म्हणून येतील. डावी_बगल यांनी वर सांगितलेला नियम इथेही तोच.

नोंदीत हे ‘युवा संघ’ या उपविभागात टाका. वरिष्ठ संघाच्या पदकांत ते कांस्य मिसळलेलं काही याद्यांत आहे, ते चूक आहे. वरिष्ठ संघाकडे विश्वचषकाचं पदक अजून नाही.