नामदार गोखले १९०१ मध्ये शेतकऱ्यांच्या विरुद्ध होते का?

प्रश्न (शेतकरी, अमळनेर तालुका):
आमच्या बोरीकाठच्या शेताच्या सातबाऱ्यावर 'नवीन अविभाज्य शर्त' असा शेरा आहे, त्यामुळे सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. हा शेरा आला कोठून, याचा शोध घेता घेता मी मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात १९०१ साली झालेल्या दुरुस्तीपर्यंत पोहोचलो. कुणब्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा तिचा जाहीर हेतू होता. तरीही मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर गोपाळ कृष्ण गोखले या विधेयकावर मुंबईच्या कौन्सिलातून (प्रांताच्या कायदेमंडळातून) उठून गेले. शेतसारा आणि मिठाचा कर यांवर सरकारला सतत धारेवर धरणारा माणूस इथे सावकाराच्या बाजूने कसा उभा राहिला?

उत्तर (निवृत्त तलाठी, चोपडा):
हा शेरा मी नोकरीभर लिहीत आलो, म्हणून आधी त्याची रीत सांगतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात सारा थकला. थकबाकीपोटी जमीन सरकारजमा करायची, आणि मग ती बहुधा त्याच कुळाला परत द्यायची, पण गहाण-विक्रीचा हक्क काढून घेऊन, अशी ही योजना होती. कसणारा तोच, औत तेच, फक्त मालकी पातळ झालेली! गोखल्यांचा आक्षेप नेमका येथे होता. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरावा लागे. पीक बुडाले तरी हप्ता चुकत नसे, म्हणून कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाई. सारा तसाच ताठ ठेवून जमिनीचे तारण तेवढे काढून घेतले, तर त्याला बी-बियाण्यापुरतेही कर्ज कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. विधेयक लांबणीवर टाकण्याची मागणी फेटाळली गेल्यावरच ही मंडळी बाहेर पडली.

उत्तर (शिक्षक, धुळे):
आप्पांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. गोखले नुसता विरोध करून थांबले नाहीत. हलाखीचा एखादा लहान टापू निवडावा, तेथील कुणब्यांचे कर्ज सरकारने सावकाराकडून आपल्याकडे घ्यावे, नित्याच्या गरजेसाठी शेतकी पेढ्या काढाव्यात आणि त्यानंतर खुशाल जमीन विकण्यास बंदी घालावी, असे त्यांनी सुचवले होते. म्हणजे बंदीला त्यांचा मुळात विरोध नव्हता, वाद क्रमाचा होता. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा वरिष्ठ (व्हाइसरॉयच्या) कायदेमंडळात ते त्यावर बोलले, ते याच धाग्याने. त्याआधी, २६ मार्च १९०२ रोजी, त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. दुष्काळात होरपळलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक उरते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा हिशेब त्यांनी मांडला. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता, तो १९०७ पर्यंत एक रुपयावर आला.

तरीही तुमची शंका अगदीच निराधार नाही. कौन्सिलातील हे पुढारी वकील, डॉक्टर, प्राध्यापक होते, नांगर धरणारा त्यांत कोणी नव्हता. तारणाचा हक्क टिकला तर सावकाराचेही फावते, ही बाजू त्यांनी हलकी लेखली, असे माझे मत आहे. मात्र प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांवर केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने १८९७ साली माफी मागितल्यामुळे 'मवाळ' म्हणून टोमणे खाणारा हा गृहस्थ सभात्याग करतो, तेव्हा ते केवळ सावकारांसाठी केले असेल, हे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता:
सर, आप्पा, दोघांचा आभारी आहे. क्रमाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्या पणजोबांची जमीन त्याच दुष्काळात सरकारजमा झाली असावी, असे आता वाटते.

उत्तर (निवृत्त तलाठी, चोपडा):
भाऊ, तेवढ्यावरून तसे धरू नका. स्वातंत्र्यानंतर भूमिहीनांना आणि माजी सैनिकांना वाटलेल्या जमिनींवरही हाच शेरा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर आणि पहिला फेरफार काढा. जमीन कोणत्या हुकमाने मिळाली, ते त्यातच लिहिलेले असते.