पददर्शनाची रांग आणि चोखोबांची समाधी

पंढरपूरला विठोबाच्या पायांवर डोकं टेकवायला (पददर्शनाला) सहा-सात तास रांगेत उभं राहण्यापेक्षा लांबूनच मुखदर्शन घेऊन परतावं, असं काहीजण सुचवतात. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मलाही ते पटतं. पण जमत असेल तर पददर्शन सोडू नका. देवाच्या पायांवर कुणालाही थेट डोकं टेकवता येतं, अशी मोठी देवळं फार थोडी आहेत. पुजारी घाई करतात, दोन-तीन सेकंदच मिळतात, तरी तो गार दगड कपाळाला लागतो तेव्हा माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं.

आधी चंद्रभागेत स्नान, मग पुंडलिक, मग महाद्वारात नामदेव पायरी, हा आमच्या घरचा क्रम. पायरीसमोरच चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्यांची, समाधी आहे, तिथे घाईघाईने पुढे जाऊ नका. अस्पृश्य मानलेल्या जातीतले म्हणून चोखोबांना देवळात पाऊल टाकता आलं नाही. दलितांसाठी हे दार उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. माझी आजी तिथे डोकं टेकवल्याशिवाय आत जायची नाही, आता मीही जात नाही.

आषाढीच्या आसपास देवाचा पलंग काढतात, म्हणजे देव झोपायला जात नाही, मग दर्शन रात्रंदिवस चालू असतं. गर्दी मात्र अफाट. निवांत दर्शन हवं असेल तर एकादशी आणि शनिवार-रविवार टाळून पहाटे रांगेला लागा. रुक्मिणीमातेचं दर्शनही विसरू नका.